शेवाळबाईंचं पुढचं वाक्य

कोणी 'पाणी घाण झालंय' असं म्हटलं, की शेवाळबाई आधी त्या माणसाकडे बघायच्या, मग पाण्याकडे बघायच्या आणि पाण्याची बाजू घ्यायच्या. ओंजळभर हिरवं पाणी उचलून समोरच्याच्या नाकाशी धरायच्या आणि विचारायच्या, "वास येतोय? नाही ना? मग घाण कशाला म्हणता? हे शेत आहे. तुम्हाला कणसं दिसत नाहीत हा शेताचा दोष नाही." समोर कोण उभं आहे याची त्यांना पर्वा नसे. एका सरकारी साहेबाला हे ऐकवताना मी त्यांना पाहिलंय. साहेबांच्या बुटांवर पाणी ठिबकत होतं, साहेब मागे सरकत होते आणि बाई ओंजळ घेऊन पुढे सरकत होत्या.

पालघरच्या एका कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. फुलंबिलं, औषधी झाडंबिडं यांत त्यांना रस नव्हता. तळ्यात, डबक्यात, भाताच्या खाचरात जे हिरवं उगवतं तेवढंच त्यांचं. म्हणून पोरांनी नाव ठेवलं शेवाळबाई. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. "निदान जिवंत वस्तूचं नाव मिळालंय," त्या म्हणायच्या, "आमच्या गणिताच्या सरांना पोरं डस्टर म्हणतात."

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. मी किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातला. भाऊ होडीवर जातात, बहिणी सुकट विकतात. मी एकटा गोड्या पाण्यात शिरलो, म्हणून घरच्यांनी मला पुष्कळ हसून घेतलं. "डबक्यातला मासा चिखल खातो नि चिखलच लागतो," असं माझी आत्या आजही म्हणते. पण लहानपणी बोईसरच्या बाजारात आईच्या टोपलीजवळ बसून मी एक गोष्ट बघितली होती. कारखान्यांत कामाला आलेली बंगालची, ओडिशाची, बिहारची माणसं आमचा बोंबील उलटापालटा करून खाली ठेवायची आणि विचारायची, "रोहू नहीं है? कटला?" आमच्या लोकांना त्या माशाचा कंटाळा आणि त्या लोकांना त्याचीच भूक. मी गावतळी ठेक्याने घ्यायला लागलो. कोणी हाताला धरून शिकवलं नाही, कोणी जामीन राहिलं नाही. तळ्यावर बसून शिकलो.

त्यातलं एक तळं पालघर आणि बोईसरच्या मधल्या एका गावात होतं. गावाचं नाव सांगत नाही. तिथे मला अजून मासे विकायचे आहेत. एक दिवस तळ्याच्या राखणदाराचा फोन आला, की पाण्यात बांबू रोवलाय, त्याला बाटल्या टांगल्यात आणि त्यातली एक काळ्या फडक्यात गुंडाळलेली आहे. गावातल्या म्हाताऱ्या म्हणत होत्या, करणी आहे. मी म्हटलं करणी नाही, विष आहे. माझ्या धंद्यावर डोळा असलेले दोघे-तिघे होतेच. मी स्कूटर काढली, जाऊन पँटसकट पाण्यात उतरलो आणि दोन्ही बाटल्या उपसून काठावर आणल्या. मागून आवाज आला, "त्या माझ्या आहेत. आणि तुम्ही आत्ता माझा अख्खा दिवस फुकट घालवलात."

वळून बघतो तर सुती साडी खोचलेली, पायांत प्लॅस्टिकची चप्पल, बारीक चणीची एक बाई. हातातली छत्री बंद. ऐन दुपारचं ऊन डोक्यावर होतं.

"बाई, तलाव आमचा हाय. तुमी आमच्या तलावात काय टाकलंय?"

"तुमचंच पाणी टाकलंय. तुमच्याच तळ्यातलं. बाटलीत भरून परत तिथेच टांगलंय."

"पाणी पाण्यात टांगायला तुमाला दुसरा उद्योग नाय?"

"हाच उद्योग आहे. आणि मी पंचायतीची परवानगी घेतली आहे."

"पंचायतीचं पाणी हाय, पण मासे माझे हायत. माझी परवानगी कोणी घ्यायची?"

त्यांनी छत्री काखेत मारली. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. द्या परवानगी."

माझा राग अर्धवट राहिला. भांडणातला समोरचा माणूस एकदम मान्य करतो तेव्हा आपण कुठे जायचं हे मला आजवर कळलेलं नाही. मी घासाघीस सुरू केली. म्हटलं, दोन बाटल्या नको, एक लावा. त्या म्हणाल्या, एका बाटलीत काही कळत नाही. मी म्हटलं, मग साधी लावा, काळी नको, म्हाताऱ्या घाबरतात. त्या म्हणाल्या, काळी नसेल तर साधीला अर्थ नाही. बऱ्याच वेळाने ठरलं ते असं, की बाटल्या दोन्ही राहतील, पण त्यातून जे कळेल ते आधी मला सांगायचं, कॉलेजला नंतर. त्यांनी मान डोलावली आणि वर विचारलं, "ठेकेदार, तुम्ही सगळ्यांशी असंच बोलता का?" मी म्हटलं, "नाय. तुमी बाईमाणूस म्हणून जरा सांभाळून बोललो." त्यावर त्या मोठ्याने हसल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी ठेकेदारच राहिलो. माझं नाव त्यांनी कधी घेतलं असेल असं मला आठवत नाही.

त्या बाटल्यांचं त्यांनी मला काठावर उकिडवं बसून समजावलं. पाण्यातली हिरवी रोपटी इतकी बारीक असतात, की एकेक दिसत नाही, सगळी मिळून फक्त रंग दिसतो. ऊन मिळालं की ती स्वतःचं अन्न बनवतात आणि ते करताना पाण्यात प्राणवायू सोडतात. पण तीही जिवंत आहेत, म्हणजे श्वासही घेतात. साध्या बाटलीत दोन्ही कामं चालतात. काळ्या बाटलीत ऊन शिरत नाही, म्हणून तिथे नुसता श्वास चालतो. संध्याकाळी दोन्ही बाटल्यांतला प्राणवायू मोजायचा. साधी बाटली सांगते, हातात काय उरलं. काळी सांगते, तळ्याने स्वतः किती खाल्लं. दोन्ही ठाऊक झाल्याशिवाय तळं किती पिकलं हे कळत नाही. मी एवढं ऐकून विचारलं, "म्हंजे ह्याच्यावरून मासा किती पोसल ते कळेल?" बाईंनी कपाळाला हात लावला. "माझी मुलं हे समजायला वर्ष घेतात आणि तुम्ही थेट माशावर आलात. कळेल. पण आधी हिरवं, मग ते खाणारे पाण्यातले बारीक किडे, मग ते खाणारा तुमचा कटला. मधल्यांना विसरू नका."

ही साखळी त्यांच्या बोलण्यात सारखी यायची. एकदा मी त्यांना माझ्याबरोबर बोईसरला घेऊन गेलो होतो. सकाळपाळी सुटलेली माणसं मासे घ्यायला गर्दी करत होती. एकाने कटल्याचं डोकं मागितलं, ते मुद्दाम वेगळं बांधून घेतलं. बाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "ठेकेदार, या माणसाच्या ताटात ऊन वाढलंय. त्याला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. कधीतरी सांगा त्याला." मी म्हटलं, "सांगितलं तर म्हणेल, ऊन तर फुकट हाय, सेठ, भाव कमी कर." त्या दिवशी परत येताना रिक्षात त्या मधूनमधून हेच आठवून हसत होत्या.

आमच्या धंद्यात पाणी किती हिरवं आहे हे बघायची सोपी रीत आहे. हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा, तळवा वर. कोपर बुडेपर्यंत तळवा दिसत राहिला तर पाणी उपाशी आहे. मनगट बुडतानाच दिसेनासा झाला तर जेवण जास्त झालंय. बाईंकडे याच कामासाठी जेवणाच्या थाळीएवढी रंगवलेली तबकडी होती, दोरीला बांधलेली. त्यांना माझी रीत आवडली, पण पटली नाही. "तुमचा कोपर आणि माझा कोपर एक आहे का? उद्या तुम्ही हा ठेका एखाद्या उंच पंजाब्याला दिलात तर तळ्याचं जेवण एकदम जास्त ठरेल." मी म्हणायचो, "तुमची दोरी भिजली की आखडते, माझा हात आखडत नाय." हा वाद आम्ही वर्षानुवर्षं घातला. दोघांनाही तो मिटवायचा नव्हता.

बाई साफसफाईच्या विरुद्ध होत्या असं जे काही लोक आज म्हणतात, ते खोटं आहे. तळ्यावर जलपर्णी पसरली तेव्हा साडी खोचून सगळ्यांत आधी पाण्यात त्या उतरल्या होत्या. "ही वर झोपून खालच्यांचं ऊन अडवते," म्हणत गठ्ठे ओढून काठावर फेकत होत्या. हिरवं म्हणून सगळं एकाच पारड्यात घालणं त्यांना जमत नसे. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे बघून ठरवा, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि आमच्याकडे बघण्याचंच काम कोणाला नको असतं.

मग गावात तलाव सुशोभीकरण समिती निघाली. तिच्या अध्यक्षांचं स्वतःचं टाइल्सचं दुकान होतं. हा योगायोग मी तेव्हाही चारचौघांत बोलून दाखवला होता. काठाला टाइल्स, बसायला बाक, रंगीत दिवे, फोटो काढायला एक कमान, असं सगळं ठरलं. त्याला माझी ना नव्हती. पण कमानीखाली उभं राहून फोटो काढला तर मागे हिरवं पाणी दिसणार. अध्यक्षांना पाणी निळं हवं होतं. शहरातून कोणीतरी त्यांना सांगितलं, मोरचूद टाका, शेवाळ चार दिवसांत मरतं. मासे तेव्हा तळ्यात होते आणि हाती यायला अवकाश होता. मी थांबा म्हटलं. ते म्हणाले, औषध शेवाळाचं आहे, माशाचं नाही.

ग्रामसभा भरली. मी बाईंना घेऊन गेलो. रिक्षात मी त्यांना सांगत होतो, बाई, थोडं बोला, ठाम बोला. शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या, गर्दी बरी होती. बाई ऊन, श्वास, किडे, कटला असं सगळं सांगायला लागल्या. लोक ऐकत होते. हे मी शपथेवर सांगतो, लोक ऐकत होते. म्हणूनच अध्यक्ष उठले. "मॅडम, आम्ही अडाणी माणसं. आम्हाला साधं उत्तर द्या. हे जे शेवाळ आहे, त्याने मासा मरू शकतो का? हो की नाही?"

मी बाईंच्या शेजारी उभा होतो. मला उत्तर माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या जागी कोणीही 'नाही' म्हटलं असतं. मासा शिळा आहे का विचारलं, की बाजारात उभं राहून माणूस दिवसभर जे म्हणतो तेच.

बाई म्हणाल्या, "हो."

सगळं पटांगण एकदम बोलायला लागलं. कोणी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी माइक आपल्या हातात घेतला आणि म्हणाले, "मॅडमनी स्वतः मान्य केलंय, आता चर्चा कसली?" बाई पुढचं बोलत होत्या. माइकशिवाय, नेहमीच्या आवाजात, वर्गात बोलावं तशा. ते माझ्याखेरीज कोणाला ऐकू गेलं नाही. "हो, मारू शकतं. रात्री ऊन नसतं, तेव्हा हेही आपल्यासारखं श्वास घेतं आणि फार दाटलं असेल तर पहाटे मासे गुदमरतात. पण ते जिवंत आहे तोवर सकाळी ऊन आलं की घेतलेलं परत करतं. एकदम मारून टाकलंत तर ते कुजेल, आणि कुजताना सगळा श्वास खाईल. तेव्हा परत करायला कोणी उरणार नाही." एवढं बोलून त्या थांबल्या, कारण समोरच्या रांगा रिकाम्या झाल्या होत्या.

मोरचूद टाकलं. पाणी खरंच निवळलं. तळ दिसायला लागला. लोकांनी फोटो काढले, गावाच्या ग्रुपवर टाकले, अध्यक्षांचा शाल देऊन सत्कार झाला. मग तळाशी साचलेलं मेलेलं शेवाळ सडायला लागलं. आधी वास आला. मग एका सकाळी राखणदाराचा फोन आला, "लवकर या." मी गेलो तेव्हा पाणी पांढरं दिसत होतं. माशांची पोटं होती ती. बोईसरला गिऱ्हाईकं विचारत होती, "सेठ, आज कटला नहीं लाए?" मी पाटी पालथी घालून बसलो होतो.

हे इथे संपलं असतं तर मी इतकी वर्षं कुढत बसलो नसतो. नुकसान मी पुष्कळ बघितलं आहे. पण त्याच संध्याकाळी अध्यक्षांनी ग्रुपवर लिहिलं, 'मॅडमनी आधीच सांगितलं होतं की शेवाळामुळे मासे मरतात. आपण औषध टाकायला उशीर केला.' खाली हात जोडलेल्यांची रांग. गावाने ते मानलं. आजही त्या गावात विचाराल तर हेच उत्तर मिळेल, की शेवाळाने मासे मारले, कॉलेजच्या बाईसुद्धा म्हणाल्या होत्या.

मी तसाच बाईंच्या घरी गेलो. चपला न काढता दारात उभा राहिलो.

"तुमी नाय म्हणाला असता तर काय बिघडलं असतं?"

"खोटं बोलले असते."

"एकदा बोलला असता. तलाव वाचला असता."

"पुढच्या वर्षी एखाद्या ढगाळ दिवसानंतर पहाटे तुमचे मासे तोंड वर काढून आले असते. तेव्हा पहिले तुम्हीच ओरडला असता, बाई नाही म्हणाल्या होत्या."

"मी नसतो ओरडलो."

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. "ठेकेदार, तुम्ही तर रिक्षावाल्याला सुट्ट्यावरून ओरडता. आत या, चहा टाकते."

मी आत गेलो नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण म्हणून राग जातो असं थोडंच आहे? तो आजही गेलेला नाही. माणसाने खरं बोलावं हे मला मान्य आहे. पण खरं बोलताना समोरच्याच्या हातात माइक आहे की आपल्या, एवढं तरी बघावं. बाईंनी ते कधी बघितलं नाही. त्यांची अडचण तीच होती आणि त्यांच्यापुढे मान लवते तीही त्याचसाठी.

पुढच्या आठवड्यात त्या मेलेल्या तळ्यावर हजर. काठावर टाइल्सवाल्यांचं काम चाललेलं आणि या गुडघाभर पाण्यात बांबू रोवताहेत. मी वरून ओरडलो, "बाई, मेलेल्याची नाडी काय बघता?"

"मेलंय हे कोणी ठरवलं? तुम्ही की अध्यक्षांनी?"

टाइल्सवाले हसले. बाई नियमाने येत राहिल्या. लोकांनी हसायचं सोडलं, मग बघायचंही सोडलं. किती तरी दिवसांनी त्यांनी मला खाली बोलावून एक दगड दाखवला. त्याच्यावर तपकिरी, बुळबुळीत असा थर होता, बोटाने पुसला जाईल इतका पातळ. त्यांनी तो मला पुसू दिला नाही. "हात लावू नका. सुरुवात झाली आहे." अध्यक्षांच्या माणसांनी पुढे तो थरही ब्रशने घासून काढला, कमानीच्या फोटोत डाग दिसतो म्हणून.  बाईंनी त्या दिवशी बांबू उपटला, खांद्यावर घेतला आणि स्टँडपर्यंत चालत गेल्या. मी सोबत होतो. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या म्हणाल्या, "दुसरं तळं बघा."

मी बघितलं. सफाळ्याच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एक लहान तळं. गावातले बरेच जण भात झाला की बाहेरगावी कामाला जातात, म्हणून ठेक्याला कोणी भाव देत नव्हतं. मी दिला. तिथल्या सरपंचताईंनी एकच अट घातली, की पावसाळ्यानंतर गावातल्या घरांना मासा आधी, बोईसरला मागून. मी नेहमीप्रमाणे वाद घातला आणि हरलो. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. सफाळ्याहून रिक्षाने यायच्या, सरपंचताई त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची बांधावर ठेवायच्या. गावातल्या बायका कपडे धुवायला आल्या की बाई त्यांना साबणाचं पाणी तळ्यापासून लांब टाकायला लावायच्या आणि बदल्यात त्यांच्या तक्रारी ऐकायच्या. शेवटी शेवटी त्यांना पाण्यात उतरणं झेपत नव्हतं. मी उतरायचो आणि त्या वरून ओरडायच्या, "तिरपं लावलंत. ठेकेदार, सावली पडतेय तुमचीच. बाजूला व्हा."

शेवटचं मी त्यांना तिथेच बघितलं. ऊन कडक होतं. काठाजवळच्या पाणगवतातून बारीक बुडबुडे निघून सरळ रेषेत वर येत होते. आजारपणाने त्यांचा आवाज बसला होता. खुर्ची पुढे ओढून घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या. "बघा, सगळे कामाला लागलेत," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, सावलीत बसा." त्यांनी ऐकलं नाही, हे सांगायला नकोच. थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

पालघरला शोकसभा झाली. हॉल भरला होता, त्यांचे जुने विद्यार्थी लांबून आले होते. स्टेजवर फोटो, हार, आणि खुर्चीत कोण, तर अध्यक्ष. आता ते तालुक्याचे पुढारी झालेत. सरपंचताईही स्टेजवर होत्या, एका कडेला. अध्यक्षांनी भाषण चांगलं केलं. ते नेहमीच चांगलं करतात. म्हणाले, मॅडमनी आम्हाला स्वच्छ पाण्याचं महत्त्व शिकवलं. म्हणाले, भर ग्रामसभेत त्यांनी निर्भीडपणे सांगितलं होतं, की शेवाळ मासे मारतं. आणि मग म्हणाले, ज्या तळ्यावर मॅडम शेवटपर्यंत जात होत्या, ते सफाळ्याकडचं तळं त्यांच्या स्मरणार्थ आमची समिती स्वच्छ करणार आहे. औषधाची व्यवस्था झाली आहे. काठावर त्यांच्या नावाची पाटी लागेल.

टाळ्या वाजल्या. मी उठलो.

"अध्यक्षसाहेब, त्या तलावाचा ठेका माझा हाय. त्यात मोरचूद पडणार नाय."

"शेठ, ही शोकसभा आहे. बसून घ्या."

"बाई हो म्हणाल्या. बरोबर. त्याच्यापुढं काय म्हणाल्या?"

"ही ती वेळ नाही."

"तेवापण नव्हती. मग कवा हाय?"

माइक सांभाळणारा माझ्याकडे यायला लागला. कोणीतरी मागून माझा शर्ट ओढला, "बसा हो, बरं दिसत नाही." मी शर्ट सोडवून घेतला. अध्यक्ष स्टेजवरून हसत होते. त्यांना माहीत होतं, हा माणूस तापट आहे, आणखी थोडा तापेल, शिवी देईल आणि मग याला बाहेर काढता येईल. आणि खरं सांगतो, शिवी माझ्या तोंडात आलीही होती.

तेवढ्यात सरपंचताई खुर्चीतून उठल्या. त्यांनी माइक घेतला नाही. "त्यांना बोलू दे ना," म्हणाल्या. "तलाव आमच्या गावचा हाय. बाई आमच्या बांधावर बसत. त्या काय बोलल्या ते आमाला ऐकायचं हाय."

अध्यक्ष म्हणाले, "ताई, नंतर बोलू."

"नंतर आमी घरी जाऊ. आता बोलू दे."

 माझ्या हातात माइक नव्हता. पण बोईसरच्या बाजारात सकाळच्या गर्दीत मी हाक मारली की रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघतो. मी बाईंचं पुढचं वाक्य सांगितलं. रात्रीचा श्वास सांगितला, पहाटेचं गुदमरणं सांगितलं, त्यातलं काही लपवलं नाही. मग सकाळचं ऊन सांगितलं आणि परत करणं सांगितलं. मारल्यावर काय कुजतं, कुजताना कोण काय खातं आणि त्या गावात त्या सकाळी पाणी पांढरं का दिसत होतं, तेही सांगितलं. मध्ये मला तीन वेळा बसायला सांगण्यात आलं. सगळं सांगून झालं, बाकी काही उरलं नाही, तेव्हा मी माझा मीच बसलो.